आईचा पत्ता

2009-10 च्या शैक्षणिक वर्षात आम्ही दोघी एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो आणि एकाच भाड्याच्या खोलीत राहत होतो. दोन कॉट, एक स्टोव्ह, ‘सेट’च्या अभ्यासाची पुस्तके आणि मामेभावाने वापरून झालेला एक लॅपटॉप, एवढी आमची मालमत्ता. रात्री भारनियमन सुरू झाले की त्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम पाऊण तास तग धरी. पाऊण तासात तेवीस मिनिटांचे दोन भाग बसत. मामेभावाने देताना जे पुसायचे राहून गेले होते त्यात ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन अॅनिमेशन मालिकेचे सगळे 61 भाग होते. रात्री दोन या हिशेबाने महिनाभरात आम्ही ते पाहून संपवले. लहान मुलांच्या वाहिनीसाठी केलेली ती मालिका पाहताना आम्ही सत्ताविशीच्या होतो. संकोच तेव्हाही वाटला नाही; आता चाळिशी उलटल्यावर तर वाटण्याचे काही कारणच उरलेले नाही.

मालिका मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांची. निकेलोडियनवर ती 2005 ते 2008 या काळात जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन ग्रंथांत दाखवली गेली. कथा आशियाई वळणाच्या एका कल्पित जगातली. शंभर वर्षे जगावर युद्ध लादणारे अग्निराष्ट्र, आणि त्याला थोपवू शकेल असा एकच जीव, आंग नावाचा बारा वर्षांचा पोरगा. पण आमचा जीव जडला तो आंगवर नव्हे, त्याचा पाठलाग करणाऱ्या झुकोवर. बापाने सर्वांदेखत चेहरा जाळून हद्दपार केलेला हा राजपुत्र. त्याची आई उर्सा तो लहान असतानाच एका रात्री नाहीशी झालेली. दुसऱ्या ग्रंथातल्या ‘झुको अलोन’ या भागात ती जाताना दिसते. झोपलेल्या मुलाला उठवते, जे केले ते तुला वाचवण्यासाठी केले असे सांगते, काहीही बदलले तरी आपण कोण आहोत हे विसरू नकोस असे बजावते आणि अंधारात निघून जाते. एवढीच आई. त्यानंतर ती उरते ती दोन्ही मुलांच्या मनातली पोकळी म्हणून. अखेरीस मन ढळलेल्या अझूलाला, म्हणजे झुकोच्या बहिणीला, आरशात आपल्यामागे आई उभी दिसते आणि ती केसांचा ब्रश फेकून आरसाच फोडते. ते दृश्य पाहून आम्ही त्या रात्री दुसरा भाग लावला नव्हता.

शेवटच्या भागात युद्ध संपते, झुको राजा होतो आणि कैदेतल्या बापाच्या कोठडीत जाऊन विचारतो की माझी आई कुठे आहे. दृश्य तिथेच तुटते. पुढच्या दृश्यात सारी मंडळी चहाच्या दुकानात जमलेली! फाइल कॉपी होताना मधला तुकडा गळला असावा अशी आमची खात्री पटली. आम्ही दोन-तीनदा मागे जाऊन पाहिले. तुकडा गळलेला नव्हता. ते तसेच होते. मग बॅटरी संपली, आणि अंधारात आमच्यातली एक म्हणाली, “बरं झालं, उत्तर दिलं नाही ते.”

तिच्या या बोलण्याचा अर्थ दुसरीला ठाऊक होता. 1991 साली, ती पाचवीत असताना, तिची आई माहेरी गेली ती अडीच वर्षे परत आली नाही. भांडण ऐकू आले नव्हते, पत्र आले नव्हते. घरात तो विषय कुणी काढीत नसे. एकदाच तिने वडिलांना आई कुठे आहे असे विचारले. त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. मग एके दिवशी शाळेतून घरी आली तर आई ओट्यापाशी उभी, जणू सकाळीच मंडईत जाऊन आली असावी. त्या अडीच वर्षांविषयी पुढे कुणी बोलले नाही. 2019 मध्ये आई गेली, तोवर मुलीने विचारले नाही आणि आईने सांगितले नाही. प्रश्न विचारता आला हेच ज्या मुलाचे मोठे धाडस, त्याला उत्तरही मिळताना पाहणे तिला परवडणारे नव्हते.

पण उत्तर आले. डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेने मालिकेचे कथानक पुढे नेणाऱ्या चित्रकादंबऱ्या काढायला घेतल्या. 2012 मध्ये ‘द प्रॉमिस’चे तीन भाग आले आणि 2013 मध्ये ‘द सर्च’चे तीन. लेखन जीन लुएन यांग यांचे, चित्रे गुरिहिरु या नावाने काम करणाऱ्या दोन जपानी चित्रकर्तींची. पुढल्या वर्षी ‘द सर्च’चे तिन्ही भाग एकत्र असलेली मोठी आवृत्ती निघाली, ती आम्ही उत्तरपत्रिका तपासणीच्या मानधनातून निम्मे-निम्मे पैसे घालून मागवली. (तोवर एकीचे लग्न होऊन तिला मुलगीही झाली होती. खोली सुटली होती, पण पुस्तके निम्म्या पैशांत घेण्याची सवय सुटली नव्हती.) हा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहोत खरे, पण या पुस्तकापुरते आमचे ‘आम्ही’ फार काळ टिकले नाही.

पहिली अडचण माध्यमाची. मालिकेतले जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू यांवरचे प्रभुत्व हे मुळात देहाच्या हालचालीतून साकारले होते. प्रत्येक तत्त्वाला चिनी युद्धकलेची वेगळी शैली दिलेली होती, पाण्याला ताई ची, अग्नीला उत्तरेकडची शाओलिन. कागदावर ही हालचाल गोठते. गुरिहिरुंची रेषा स्वच्छ, रंग प्रसन्न, पात्रांचे चेहरे मालिकेशी इतके इमानी की मालिकेतलीच एखादी स्थिर चौकट उचलून ठेवली असावी असे वाटते. पण ज्वाळा भिंतीवर काढल्यासारख्या दिसतात. सोकाचे विनोद तर पार पडतात, कारण त्यांतली निम्मी गंमत आवाजाच्या टप्प्यांत होती. शब्दांच्या फुग्यांतून टप्पा कसा दाखवणार?

मात्र याच मुकेपणाने एके ठिकाणी आम्हाला अनपेक्षित दान दिले. झुकोचा काका आयरो याला आवाज देणारे नट माको 2006 च्या जुलैमध्ये वारले. दुसऱ्या ग्रंथातली आयरोची एक छोटी कथा त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे, आणि तिसऱ्या ग्रंथात आयरोच्या तोंडी ग्रेग बाल्डविन यांचा आवाज आहे. त्यांनी काम चोख केले, पण आमचे कान फसले नाहीत. ‘द सर्च’मध्ये झुको राज्य तात्पुरते काकांच्या हाती सोपवून आईच्या शोधाला निघतो. त्या पानांवर आयरो बोलू लागला आणि आम्हा दोघींनाही माकोच ऐकू आले. मालिकेला जे शक्य नव्हते ते मुक्या पानाने केले. चित्रकादंबरी वाचणे म्हणजे आठवणीतला आवाज पानाला पुरवणे, हे आम्हाला त्या वेळी समजले. आणि हे पुस्तक आहेही आठवणीविषयीच.

आता कथेकडे. उर्सा ही हिराआ या लहानशा गावातली, गावच्या नाटकमंडळीत काम करणारी तरुणी. इकेम या तरुणावर तिचे प्रेम. ती अवतार रोकूची नात असल्याने तिच्या रक्ताचे वारस बलवान निपजतील या हिशेबाने अग्निराजा आपल्या धाकट्या मुलासाठी, ओझायसाठी, तिला मागणी घालायला येतो. नकार देण्याची सोय नसते. यातला एक तपशील आम्हाला विशेष आवडला. मालिकेत एका भागात ही मंडळी फडतूस नाटक पाहायला जातात तेव्हा झुको कुरकुरतो की आई आम्हाला इथे आणायची आणि हे लोक दरवर्षी ‘लव्ह अमंग्स्ट द ड्रॅगन्स’ची वाट लावायचे. मालिकेत तो निव्वळ विनोद होता. यांगने तेच नाटक उचलून उर्साच्या तारुण्यात नेऊन ठेवले. जी बाई दरवर्षी मुलांना घेऊन ते वाईट प्रयोग पाहायला जात होती, ती तिथे काय शोधत होती हे एका क्षणात उमगते. पुढची कथा लिहिणाऱ्याने मागच्या कथेतले काय वेचावे याचा असा सुंदर नमुना दुसरा क्वचितच दाखवता येईल.

याउलट पत्राचे प्रकरण. झुको ओझायचा मुलगा नसून इकेमचा आहे असे उर्साने एका पत्रात लिहिलेले असते. ते पत्र झुकोच्या हाती पडते आणि वाचक भागामागून भाग टांगलेला राहतो. अखेर कळते की नवरा आपली पत्रे मधल्यामध्ये अडवतो की काय हे ताडून पाहण्यासाठी तिने मुद्दाम केलेली ती थाप होती. 2013 च्या मार्चपासून काही महिन्यांच्या अंतराने भाग निघणार, म्हणजे प्रत्येकाच्या शेवटी खुंटी हवीच. ती निकड आम्हाला समजते. पण झुकोची सारी कहाणी आपण बापासारखे होणार की नाही या भीतीची आहे. बापच बदलून त्याला सोडवण्याची लालूच दाखवायची आणि मग ती मागे घ्यायची, हे सवंग आहे. इथे आमचे मतभेद नव्हते.

मतभेद झाले ते त्यानंतरच्या भागावर. झुकोचा जीव वाचवण्यासाठी उर्सा ओझायला एक विष करून देते, त्या विषाने म्हातारा राजा मरतो आणि तिला मुले मागे ठेवून राज्याबाहेर जावे लागते. ती हिराआला परतते. इकेम तिथेच असतो, पण वेगळ्या नावाने आणि वेगळ्या चेहऱ्याने. जवळच्या अरण्यात ‘चेहऱ्यांची आई’ नावाची एक शक्ती आहे, तिने तो दिलेला. उर्साही नवा चेहरा मागून घेते. आणि चेहऱ्याबरोबर आणखी एक मागते: मुलांची आठवण सोसवत नाही, तेव्हा ती आठवणच काढून घे. उर्साची नोरिको होते, तिला कियी नावाची मुलगी होते आणि ती सुखात राहते. सुखात! आपण कोण आहोत हे विसरू नकोस असे मुलाला बजावून गेलेली बाई स्वतः कोण आहे हे आपल्या इच्छेने विसरते.

आमच्यातल्या पहिलीने पुस्तक इथे मिटले. “अगं, ही असली आई कुणी मागितली होती?” एवढेच तिने फोनवर विचारले आणि पुढची तीन-चार वर्षे ते पुस्तक उघडले नाही. तिचे म्हणणे साधे होते. मुलाने सारे आयुष्य आईच्या शेवटच्या वाक्यावर उभे केले, आणि लेखकाने ते वाक्य आईकडूनच खोडून घेतले. कोठडीतला प्रश्न अनुत्तरित होता तोवर आई कुठेतरी मुलाची आठवण काढत असण्याची शक्यता तरी जिवंत होती.

दुसरीला तेव्हा यावर काही बोलता आले नाही. 2015 मध्ये तिला कायमची नेमणूक मिळाली ती दुसऱ्या जिल्ह्यात. मुलगी तीन वर्षांची. ती सासूबाईंकडे राहिली. पुढची तीन वर्षे शनिवारी रात्रीची एसटी आणि रविवारी रात्री परत. त्या काळातली एक गोष्ट तिने बऱ्याच उशिरा पहिलीला सांगितली. आठवड्यातले काही दिवस ती मुद्दाम घरी फोन करीत नसे. फोन केला की मुलीचा आवाज येई आणि मग दुसऱ्या दिवशीचे तास घेता येत नसत. न केल्यास बुधवार-गुरुवारपर्यंत आपल्याला मूल आहे हे काही तास खरोखर विसरता येई, आणि ते तास बरे जात. हे बोलून झाल्यावर तिने विचारले, “उर्सानं दुसरं काय केलं?”

श्यामच्या आईला 1935 पासून उरी कवटाळणाऱ्या आपल्या भाषेत या प्रश्नाला जागा सापडणे अवघड आहे. वर्गात आम्ही ‘मृत्युंजय’ शिकवतो. त्यात कुंतीलाही स्वतःच्या तोंडाने बोलण्याची संधी आहे. पण सोडलेल्या मुलाची आठवण हा तर तिच्या बोलण्याचा पाया. आठवणीत जळणारी आई आपल्याला समजते, तिला आपण क्षमाही करतो. जळण्याची अट घालूनच करतो. आठवण नाकारणारी आई मात्र कुठे बसवावी हे कळत नाही. यांगला ते कळले याचे एक कारण असे दिसते की चेहरा बदलणे हा त्याचा स्वतःचा जुना विषय आहे. त्याच्या ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ (2006) या चित्रकादंबरीतला स्थलांतरितांचा मुलगा आपला चेहरा टाकून सोनेरी केसांचा अमेरिकन पोरगा बनतो, आणि त्याची किंमत मोजतो. दुसऱ्याच्या मालिकेचा उत्तरार्ध लिहिताना या लेखकाने आपला प्रश्न मागल्या दाराने आत आणला. आमच्या मते पुस्तकाचा प्राण तिथे आहे, दुरुस्त केलेल्या गाठीनिरगाठींत नाही.

पहिलीने पुस्तक पुन्हा उघडले ते 2019 मध्ये, आईचे दिवस झाल्यावर. या वेळी ती अझूलाच्या प्रसंगापर्यंत गेली. मनोरुग्णालयातून भावाने बरोबर घेतलेली अझूला वाटभर आईचे भास पाहते, आईच आपल्याविरुद्ध कट करते आहे असे मानते. शेवटी ती नोरिकोच्या घरात शिरते आणि तिला धरते. नोरिकोला काहीच ठाऊक नाही. समोरची मुलगी आपली असे म्हणते आहे, एवढेच तिला दिसते. आणि ती म्हणते की तू म्हणतेस ते खरे असेल, मी खरोखर तुझी आई असेन, तर तुझ्यावर पुरेशी माया केली नाही याबद्दल मला माफ कर. अझूलाचा हात क्षणभर थांबतो. तो क्षण गुरिहिरुंनी फार संयमाने काढला आहे. तिथे ज्वाळा नाहीत आणि म्हणून काही गोठलेलेही नाही.

या पानावरचा आमचा वाद आजही मिटलेला नाही. पहिली म्हणते, जिला काही आठवतच नाही तिच्या माफीला काय अर्थ? केलेले ओळखून मागितली तर माफी. ही तर अनोळखी बाईची सभ्यता झाली. दुसरी म्हणते, आठवत असताना ती मागू शकली असती का? ओझायची राणी, दोन मुलांत एकाला झुकते माप दिलेली आई, सगळे लक्षात असलेली उर्सा, तिने आधी आपली बाजू मांडली असती. आठवण गेली म्हणून बाजूही गेली. उरली ती नुसती माफी. अशा एका दुपारी, हे बोलणे रंगात आलेले असताना, पहिली एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, “आमची आई ओट्यापाशी उभी होती ना, तेव्हा तिनं मला विचारलं होतं, भूक लागलीय का गं.” त्यावर दुसरीने काही म्हटले नाही.

पुस्तक मात्र इथे थांबत नाही, आणि आमच्या मते इथे ते कच खाते. अझूला अरण्यात पळून जाते. तिची कथा लोंबकळत राहते ती राहतेच. (2023 मध्ये तिच्यावर स्वतंत्र चित्रकादंबरी निघाली.) उर्साला मात्र जुना चेहरा आणि आठवण परत मिळते; आई मुलाला सारी हकीकत सांगते, पत्राची थापही उलगडते. आयुष्यभर ज्याने वाट पाहिली त्याला हे मिळू नये असे म्हणणारे आम्ही कोण? तरी देवतेने घेतले आणि देवतेनेच दिले, यात उर्साच्या निवडीचे वजन उतरते. शिवाय पती नोरेनला, म्हणजे जुन्या इकेमला, सगळे आधीपासून ठाऊक होते. वर्षानुवर्षे बायकोच्या शेजारी बसून तिचे पूर्वायुष्य एकट्याने सांभाळणारा हा माणूस! त्याच्यासाठी यांगने आणखी थोडी जागा काढायला हवी होती. त्याऐवजी चेहरा गमावलेल्या भावाच्या आणि त्याच्या बहिणीच्या उपकथानकाला बरीच पाने गेली आहेत.

आता ती तीन वर्षांची मुलगी तेरा वर्षांची आहे. मालिका तिने आमच्याबरोबर दोनदा पाहिली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने ‘द सर्च’ एका दुपारी वाचून संपवले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चकल्या तळत होतो, आणि खरे सांगायचे तर ती काय म्हणते याची वाट पाहत होतो. झुकोविषयी म्हणेल, अझूलाविषयी म्हणेल, कदाचित आपल्या आईकडे वेगळ्या नजरेने पाहील, असे आमच्या मनात होते. ती दारात येऊन म्हणाली, “मावशी, कियीचं काय मग? तिच्या आईचा चेहराच बदलला ना.”

आम्ही एकमेकींकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या वादात कियी आमच्या कधी मनातही आली नव्हती. यांगच्या मात्र आली होती: 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘स्मोक अँड शॅडो’त राजधानीला आलेली धाकटी कियी या नव्या चेहऱ्याच्या बाईला आई म्हणायला तयार होत नाही. तिची आई म्हणजे नोरिको. ही कोण उर्सा? आम्ही तिला सांगितले की त्याचे पुढचे पुस्तक आहे, पण ते आमच्याकडे नाही.

“मागवू या की,” ती म्हणाली. “निम्मे पैसे मी देते.”